वकील आमदाराचे काम खंडाखंडांत शोधावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की उमेदवारांचा परिचय छापून येतो. नावाआधी 'ॲड.' असले किंवा शिक्षणाच्या रकान्यात 'एलएल.बी.' असले की 'कायद्याचे अभ्यासक' हे विशेषण आपसूक जोडले जाते. पाच वर्षांनी त्याच माणसाचा आढावा घेताना मात्र रस्ते, सभामंडप, आणलेला निधी आणि मिळालेले किंवा हुकलेले मंत्रिपद एवढेच मोजले जाते. कायदा शिकलेल्या माणसाने कायदेमंडळात जाऊन कायद्याचे काय केले, हे कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर सभागृहाच्या छापील वृत्तांतात, विधेयकांच्या प्रतींत आणि राजपत्रात असते. ते कुठे आणि कसे पाहायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

वकील लोकप्रतिनिधी महाराष्ट्राला नवे नाहीत. १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान (म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झालेले बाळ गंगाधर खेर सॉलिसिटर होते आणि त्याच विधानसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर अहमदाबादचे वकील. यशवंतराव चव्हाणांनी कराडला वकिली केली. अंतुले आणि बाबासाहेब भोसले हे दोन मुख्यमंत्री बॅरिस्टर होते. कायद्याची पदवी घेतलेले विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, तिथून १९८० साली ते विधानसभेत आले. देवेंद्र फडणवीस १९९२ साली नगरसेवक, १९९७ साली नागपूरचे महापौर आणि १९९९ साली आमदार झाले. कायद्याचेच शिक्षण घेतलेले गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले. या पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. पण पायऱ्या म्हणजे काम नव्हे.

काम कसे असते याचा सर्वांत चांगला नमुना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रांतिक कारकिर्दीत सापडतो, आणि तिची चर्चा संविधानाच्या मानाने फारच कमी होते. १९२७ पासून ते मुंबई विधान परिषदेत होते. १९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. ते १८७४ च्या वंशपरंपरागत पदांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे होते. विषय सामाजिक होता, पण घाव नेमक्या कायद्याच्या नेमक्या तरतुदींवर घातला होता. विधानसभेत आल्यावर १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. दोन्ही विधेयके त्या वेळी मंजूर झाली नाहीत. मात्र खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, पडले म्हणजे आमदार हरला, असा हिशेब मांडणाऱ्यांनी ही चार वर्षे शेजारी शेजारी लिहून पाहावीत.

आता आजचे विधेयक घेऊ. संबंधित खाते प्रस्ताव तयार करते, विधि व न्याय विभाग मसुदा करतो, मंत्रिमंडळ मान्यता देते आणि मग विधेयक सभागृहात येते. प्रत सदस्यांच्या हाती पुरेशी आधी पडावी, अशी अपेक्षा असते. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत ती अपेक्षा बाजूला पडते, आणि सकाळी मिळालेली प्रत दुपारी मंजूर होते. खरा फरक इथे दिसतो. बाकीच्यांना तीस पानांत काय शोधायचे ते कळत नाही, वकिलाला कळले पाहिजे. वाचायला सुरुवात शेवटच्या पानांपासून करावी. तिथे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते, वित्तीय ज्ञापन असते आणि 'वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन' असते. निवेदनात सांगितलेला हेतू आणि खंडांत (विधेयकातल्या कलमांना खंड म्हणतात) लिहिलेली तरतूद यांचा मेळ बसतो का, ही पहिली तपासणी. पुढे व्याख्या, त्यानंतर शास्ती (दंड) आणि अपिलाचे खंड, मग 'नियम करण्याचा अधिकार' आणि शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' पाहावे. जुना कायदा निरसित, म्हणजे रद्द, करताना त्याखालच्या प्रलंबित अर्जांचे, परवान्यांचे आणि अपिलांचे काय होणार, हे व्यावृत्तीच्या खंडात नीट लिहिले नसेल तर पुढची काही वर्षे लोक कचेऱ्यांच्या दारात उभे राहतात.

'करील' आणि 'करू शकेल' यांतला फरक पाहणे हे सर्वांत छोटे आणि सर्वांत उपयोगी काम आहे. 'सक्षम प्राधिकारी तीस दिवसांत निर्णय देईल' असे लिहिले असेल तर निर्णय न देणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध नागरिकाला न्यायालयात जाता येते. 'देऊ शकेल' असे लिहिले असेल तर तो बराचसा अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतो. मुदत लिहिली आणि ती उलटली तर काय होईल हे लिहिलेच नाही, तर तीही केवळ मार्गदर्शक ठरण्याचा धोका असतो. अशा जागी परंतुक, म्हणजे 'परंतु' ने सुरू होणारी अट, घालून घ्यावे लागते. 'विहित करण्यात येईल अशा रीतीने', म्हणजे पुढे नियमांनी ठरवले जाईल तसे, हे शब्द जितक्या वेळा येतात, तितक्या वेळा सभागृह आपला अधिकार खात्याकडे सोपवत असते. पेन्सिल घेऊन ते मोजावेत. 'राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नेमून देईल अशा दिनांकास अंमलात येईल' हे वाक्यही असेच. मंजूर झालेला कायदा लागू कधी होणार, हे ते सभागृहाच्या हातातून काढून घेते.

हेतू आणि तरतूद यांचा मेळ बसला नाही की काय होते, याचे उदाहरण डान्स बारच्या कायद्याचे. २००५ साली मुंबई पोलीस अधिनियमात कलम ३३-अ आणि ३३-ब घालण्यात आली. पहिल्या कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नृत्यावर बंदी आणली. दुसऱ्याने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लब-जिमखान्यांना सूट दिली. निवेदनात स्त्रियांची प्रतिष्ठा आणि शोषण हे मुद्दे होते. एकच नृत्य स्वस्त जागी प्रतिष्ठेला बाधक आणि महाग जागी निर्दोष कसे, हा प्रश्न संविधानाचा अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समानता) शिकलेल्या कोणालाही पडायला हवा होता. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला. पुढे २०१४ ची दुरुस्ती आली, तिला स्थगिती मिळाली. मग २०१६ चा स्वतंत्र कायदा आला, आणि १७ जानेवारी २०१९ च्या निकालात त्याच्या अनेक अटी पडल्या. बंदीच्या बाजूचे असोत की विरोधातले, सगळ्यांचीच चौदा वर्षे गेली. सूट देणारा खंड वगळावा किंवा बंदीऐवजी नियमन आणावे, अशी लेखी दुरुस्ती २००५ साली सुचवणे हे वकील सदस्याचे काम होते.

विषय कोणत्या सूचीतला, हा प्रश्न त्याहून आधीचा. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा, विषयावर केंद्राचा कायदा असेल किंवा येऊ घातला असेल, तर दोन्ही कायद्यांतल्या विसंगतीचा अनुच्छेद २५४ आडवा येतो. राज्याचा २०१२ चा गृहनिर्माण (विनियमन व विकास) कायदा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी थांबला आणि ती २०१४ साली मिळाली. २०१६ साली केंद्राचा स्थावर संपदा कायदा आला आणि त्याच्या कलम ९२ ने राज्याचा कायदा निरसित केला. घरखरेदीदारांचे हित दोन्ही कायद्यांत होते. पण राज्यात खर्ची पडलेला वेळ वायाच गेला. अशा विधेयकाच्या वेळी 'केंद्राचा मसुदा कुठवर आला आहे' हे विचारणाऱ्या सदस्याला अडथळा आणणारा म्हणू नये.

दुरुस्ती सुचवायची रीत सोपी आहे, पण ती काटेकोर पाळावी लागते. नुसते 'हा खंड अन्यायकारक आहे' असे भाषण केले तर खंड जसाच्या तसा राहतो. 'खंड ७, पोट-खंड (२) मधील "करू शकेल" या शब्दांऐवजी "करील" हा शब्द दाखल करण्यात यावा', अशी लेखी सूचना सचिवालयात वेळेत द्यावी लागते. एक पोट-खंड गाळला तर पुढचे क्रमांक बदलतात, आणि इतर खंडांत त्याचा उल्लेख असेल तर तिथल्याही अनुषंगिक दुरुस्त्या द्याव्या लागतात. ते विसरल्यामुळे चांगल्या दुरुस्त्या तांत्रिक कारणाने मागे पडतात. दुसऱ्या वाचनाला अध्यक्ष 'खंड २ ते १४ विधेयकाचा भाग झाले' असे म्हणतात, तेव्हा मधल्या एखाद्या खंडावर दुरुस्ती दिलेली असेल तर तो गठ्ठा फुटतो आणि त्या खंडावर वेगळे बोलणे भाग पडते. वृत्तांतात अशी जागा दिसली की समजावे, कोणीतरी विधेयक वाचले होते.

सत्ताधारी बाजूच्या वकील सदस्याची अडचण वेगळी असते. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीमुळे (पक्षांतरबंदी) पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदान टाळले, तर पक्षाने १५ दिवसांत ते माफ न केल्यास अपात्रता ओढवू शकते. मात्र बंधन मतदानाच्या निर्देशाचे आहे, विधेयक वाचण्याचे नाही. टिपण करून ते मंत्र्यांना आधीच दिले तर तीच दुरुस्ती शासकीय दुरुस्ती म्हणून येते. नाव मंत्र्यांचे होते, काम सदस्याचे असते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले तर तिथे पक्षाचा ताण कमी आणि मजकुरावर बोलायला वेळ जास्त मिळतो. वकील आमदाराने समितीत किती बैठकांना हजेरी लावली आणि अहवालाला भिन्नमतपत्रिका (असहमतीची लेखी नोंद) जोडली का, हे म्हणूनच विचारावे.

अशासकीय विधेयकाचा मार्ग अरुंद आहे. त्यासाठी शुक्रवारचा ठरावीक वेळ असतो आणि सरकारचा पाठिंबा बहुधा नसतो. त्यात अनुच्छेद २०७ ची अट आहे: राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागेल असे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय पारित होत नाही. नवे मंडळ, नवे आयुक्तपद, नवा निधी असे लिहिले की विधेयक तिथेच अडते. अनुभवी मसुदाकार नवे पद निर्माण करण्याऐवजी जिल्हाधिकारी, तहसीलदार, मुख्याधिकारी अशा असलेल्याच अधिकाऱ्यावर कर्तव्य सोपवतात आणि विधेयक चार-पाच खंडांत आटोपतात. विधेयक शेवटी मागे घेतले, तरी त्याबदल्यात मंत्र्यांकडून सभागृहात काय कबूल करून घेतले, हे पाहण्यासारखे असते.

अध्यादेशाकडे तर डोळ्यात तेल घालून पाहायला हवे. अनुच्छेद २१३ प्रमाणे सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो, आणि तो नापसंत करण्याचा ठराव कोणीही सदस्य देऊ शकतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. हे राजपत्रे चाळून उजेडात आणले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डी. सी. वाधवा यांनी. त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ते अर्थतज्ज्ञ होते आणि कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. वकील सदस्यांनी हे उदाहरण मनावर घ्यावे, असे आम्हाला कळकळीने वाटते.

प्रश्नोत्तरांत वकिलांचीच फसगत जास्त होते. आपल्याकडे तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे: '(१) अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' पहिल्या भागात चार आरोप एकत्र कोंबले की मंत्री 'हे खरे नाही' असे एक उत्तर देतात आणि उरलेल्या तिन्ही भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' असे छापून येते. उलटतपासणीत आपण एका वेळी एकच गोष्ट विचारतो, इथेही तसेच करावे. पहिला भाग नाकारता येणार नाही असा हवा, म्हणजे शासन निर्णयाचा दिनांक, आदेशाचा क्रमांक, निविदेची तारीख. 'अंशतः खरे आहे' असे उत्तर आले तर उपप्रश्न एकच: कोणता अंश खरा नाही? आणि 'कार्यवाही करण्यात येईल' असे मंत्री म्हणाले की ते मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीच्या यादीत गेले का, याचा पाठपुरावा करावा. लक्षवेधी सूचनेवर गर्दी असते, कारण ती बातमीत येते. आश्वासनाचा पाठपुरावा बातमीत येत नाही, पण लोकांच्या हाती काही पडते ते त्यातूनच.

कायद्यांखाली शासनाने केलेले नियम तपासणाऱ्या उपविधान समितीकडे कोणी फिरकत नाही. वकील सदस्याने मागून घ्यावी अशी समिती मात्र हीच. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम पाहा. अपिलांची व्यवस्था आणि कसूरदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती, हे कायद्यात आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणत्या अधिकाऱ्याकडून, हे मात्र खात्यांच्या अधिसूचनांत आहे. नागरिकाचा खरा हक्क त्या तक्त्यात असतो. एखादी सेवा यादीत नसेल किंवा मुदत अवाजवी लांब असेल, तर कायदा कितीही चांगला असून उपयोग नाही. बहुतेक कायद्यांत नियम दोन्ही सभागृहांसमोर एकूण ३० दिवस ठेवण्याची तरतूद असते आणि त्या अवधीत सभागृहे त्यांत फेरबदल करू शकतात. पटलावर ठेवलेल्या कागदांची यादी रोज वाचून त्यातला एखादा नियम उचलून धरणारा सदस्य आम्हाला दहा आवेशपूर्ण भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो.

भाषेचाही प्रश्न आहे. आपल्याकडे विधेयक मराठीत येते आणि अनुच्छेद ३४८(३) खाली राज्यपालांच्या प्राधिकाराने त्याचा इंग्रजी अनुवाद राजपत्रात प्रसिद्ध होतो. तोच इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानला जातो, आणि उच्च न्यायालयात वाद त्यावर चालतो. मराठीत 'आणि' व इंग्रजीत 'किंवा' अशा अर्थाचा शब्द पडला, किंवा एक स्वल्पविराम सरकला, तर गावातल्या माणसाने वाचलेला कायदा आणि न्यायालयात लागू झालेला कायदा वेगळे होतात. दोन्ही पाठ ओळीला ओळ लावून ताडून पाहण्याचे कौशल्य ज्यांच्याकडे आहे, ते सदस्य सभागृहात मोजकेच असतात. विधिमंडळाचे ग्रंथालय आणि वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र त्यांच्यासाठीच आहेत.

वकिलीच्या सनदेविषयी गैरसमज पुष्कळ आहेत, म्हणून थोडक्यात. आमदार असताना वकिली करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले की बार कौन्सिलच्या नियम ४९ मधली बंदी पूर्णवेळ पगारी नोकरांना आहे, लोकप्रतिनिधी तसे नोकर नाहीत. आमदार हा तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही, हे त्याआधी १९८४ साली अंतुले यांच्याच प्रकरणात ठरले होते. पण सरकारी वकिलाची नेमणूक किंवा शासनाच्या मंडळाचे मानधनाचे काम स्वीकारताना अनुच्छेद १९१ खालचे लाभाचे पद आडवे येऊ शकते. १९५६ च्या अनर्हता (अपात्रता) काढून टाकण्याच्या अधिनियमात ते पद वगळलेले आहे का, हे आधी तपासावे. आणि ज्या पक्षकाराचे वकीलपत्र घेतले आहे त्याच्या हिताच्या विधेयकावर बोलताना ते सभागृहाला सांगून मगच बोलावे. परवानगी असणे आणि शोभणे यांत अंतर आहे.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती. पुढच्या निवडणुकीत पुन्हा उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वकील आमदाराचा परिचय छापताना पदवीच्या ओळीखाली आणखी दोन ओळी द्याव्यात: पाच वर्षांत किती विधेयकांवर लेखी दुरुस्त्या दिल्या आणि त्यांतल्या किती स्वीकारल्या गेल्या, कोणत्या समितीत होते आणि तिच्या अहवालात त्यांचे काय आहे. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाचा वृत्तांत आणि विधेयके मिळतात. एका सदस्यासाठी एका वार्ताहराचे फार तर दोन-तीन दिवस लागतील. सुरुवात आपल्या जिल्ह्यातल्या आमदारांपासून करता येईल, आणि त्या कामात मसुदे वाचायला मदत लागल्यास ती विनामूल्य करण्याची आमची तयारी आहे.

आपले,
काही वकील वाचक